क्रियाडोंची फार्गो

सेसिलियाने भंगारवाल्याला बोलावलं होतं, त्या सकाळी गुणाजी घाडी क्रियाडोंच्या वाडीत नुसता चहाला म्हणून गेला होता. रविवार होता. घोडपदेवहून चालत माझगावच्या त्या वाडीत जायचं, एलिनाआंटीची तब्येत विचारायची, तिच्या मुलीच्या, सेसिलियाच्या हातचा आल्याचा चहा प्यायचा आणि परत यायचं, हा त्याचा टॅक्सी सुटल्यापासूनचा नेम होता. त्याआधी कित्येक वर्षं दर रविवारी तो आंटीला आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीतून चर्चला नेऊन आणत असे. पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, गुणाजीची टॅक्सीही गेली, पण रविवार काही सुटला नाही.

वाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी पिकअप. फार्गो, सत्तावन्न सालची. मोठं गोल नाक, दोन डोळ्यांसारखे दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. शेडचे खांब सडले होते, ती पाडायचीच होती. सेसिलिया बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबी बाई. शेडबरोबर गाडीचाही निकाल लावू, असं तिने ठरवलं होतं.

भंगारवाल्याने ताडपत्री ओढली. धुळीचा लोट उठला. त्याने बॉनेटवर दोनदा थाप मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "इंजन जाम है मॅडम. काट के ले जाना पडेगा."

"काट के?" वरच्या खिडकीतून आवाज आला. एलिनाआंटी खिडकीचा गज धरून उभी होती. वय चौऱ्यांशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पण आवाज सगळ्या वाडीला पुरेल असा. "कोणाला कापतोस रे तू? त्या गाडीने या घराला जेवण घातलंय. ती तुकड्यातुकड्यांनी जाणार नाय."

"ममा, पण ती उभी आहे तीसपेक्षा जास्त वर्षं," सेसिलिया वर बघत म्हणाली. "चालत असती तर पुढच्या अंगणात ठेवली असती मी. मेलेलं धूड घराच्या तोंडाशी कशाला ठेवायचं?"

गुणाजीच्या हातात बशी होती. त्याने ती पायरीवर ठेवली.

"चालली तर ठेवणार पुढे?" त्याने विचारलं.

"चालली तर ठेवते. पण कोण चालवणार, भाऊ?"

"मी चालू करतो. पंधरा दिवस द्या."

भंगारवाला हसला आणि आपलं कार्ड देऊन निघून गेला. पंधरा दिवस हा आकडा गुणाजीच्या तोंडून सहज निघाला होता. त्याला काही आधार नव्हता. गुणाजीचं बोलणं पहिल्यापासूनच असं, पाऊण खरं आणि पाव फुशारकीचं. चौसष्टाव्या वर्षीही केस काळेभोर ठेवायचा, शर्टाची इस्त्री कधी मोडू द्यायचा नाही. गाडीखाली जायचं झालं की शर्ट काढून खुंटीला लावायचा, गंजीफ्रॉकावर काम करायचा आणि हात धुऊन पुन्हा शर्ट चढवायचा. "मेकॅनिक म्हणजे काळा असायलाच हवा असं कुठं लिहिलंय?" असं म्हणायचा.

त्याचे वडील देवगडकडून येऊन लालबागच्या एका गिरणीत साच्यावर लागले होते. गुणाजीही तिथेच बदलीवर चिकटला, आणि वर्षभरात संप झाला. वडील गावी परतले. गुणाजी परळच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसायला लागला. पुसता पुसता शिकला. पुढे स्वतःची टॅक्सी घेतली, दिवसा चालवायची आणि लोकांच्या टॅक्सी दुरुस्त करायच्या. कार्बोरेटर म्हणजे त्याचा हातखंडा. दादरपासून भायखळ्यापर्यंतचे टॅक्सीवाले गाडी अडली की "घाडीला दाखव" म्हणायचे. मग कार्बोरेटरच्या गाड्याच संपल्या. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून बघतात. मुलगी अपेक्षा लोअर परळला नोकरीला होती, ती म्हणायची, "बाबा, पुष्कळ केलंत, आता आराम करा." तो आराम करत होता. आराम म्हणजे चाळीच्या दारात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या गाडीचा आवाज ऐकत बसायचं.

त्या संध्याकाळी त्याने पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून बाहेर काढली तेव्हा बायको शांता भाकऱ्या थापत होती.

"ह्या काय?" ती म्हणाली.

"आंटीची गाडी चालू करतंय."

"ती सोड्याची? ती माझ्या लग्नाच्या आधीपासून जुनी आसा."

"जुनी आसा म्हणान तर माका बोलावला ना."

त्याला कोणी बोलावलं नव्हतं. शांताला ते कळलं. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

क्रियाडोंचा सोड्याचा कारखाना होता. आंटीचे यजमान आग्नेलो क्रियाडो सोडा, लेमन आणि जिंजर बनवायचे. इराण्यांची हॉटेलं, गिरगावातल्या लग्नाच्या वाड्या, दादरचे जिमखाने, सगळीकडे त्यांच्या बाटल्या जायच्या. एका वर्षी ऐन लग्नसराईत आग्नेलोंचा पाय मोडला, ड्रायव्हर पळून गेला आणि ऑर्डरी तशाच पडल्या. तेव्हा एलिना पंचविशीची होती. नवऱ्याने खाटेवर पडल्या पडल्या गिअर समजावले, तिने अंगणात चार चकरा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी फ्रॉकवर, केसांना रुमाल बांधून, सोड्याचे क्रेट भरलेली फार्गो घेऊन ती गिरगावात गेली. लायसन नंतर काढलं. पाय बरा झाल्यावर आग्नेलोंनी कारखाना सांभाळला आणि गाडी एलिनाकडेच राहिली. पुढची वीसेक वर्षं गिरगाव, दादर, परळ या भागात सोडा पोचवणारी ही बाई सगळ्यांना माहीत होती. मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आल्यावर धंदा बसला, आग्नेलो वारले आणि फार्गो शेडमध्ये गेली.

इंजिन खरोखरच जाम होतं. गुणाजीने प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. रोज सकाळी येऊन पुढून हँडल लावायचा आणि जोर करायचा. हँडल वाकायला यायचं, इंजिन तसूभरही हलायचं नाही. पंधरा दिवस होऊन गेले. वाडीतले लोक जाता-येता विचारायचे, "काय घाडी, कधी फिरवताय?" तो म्हणायचा, "झाली, झाली." शेवटी त्याने इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. एका सिलेंडरमध्ये पाणी जाऊन गंजाचा थर बसला होता, दोन व्हॉल्व्ह अडकलेले, आणि हवेच्या फिल्टरमध्ये उंदराने संसार मांडलेला. गुणाजी ते बघत बराच वेळ उकिडवा बसून राहिला. एवढं वाईट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट अशी, की इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला आता दुखणं काय ते दिसत होतं.

पावसाळाभर तो शेडमध्ये होता. गंज खरवडून, लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हळूहळू ठोकत होता. सेसिलिया आधी लांबूनच बघायची. मग ती जुना गाउन घालून खाली यायला लागली. पाने हातात द्यायला शिकली. बारा नंबरचा मागितला की बाराच द्यायची. एका दुपारी ती पुढे हँडल धरून उभी होती आणि गुणाजी वरून ठोकत होता.

"भाऊ," ती एकदम म्हणाली, "हललं."

"काय हललं?"

"हँडल. माझ्या हातात हललं."

गुणाजीने तिच्या हातातून हँडल घेतलं, दाबलं, आणि ते बोटभर खाली गेलं. मग वीतभर. मग पूर्ण फेरा. सेसिलिया अंगणात धावत गेली आणि वर बघून ओरडली, "ममा, फिरलं!" बँकेत आयुष्य काढलेली ती बाई अशी ओरडलेली वाडीने आधी कधी ऐकली नव्हती.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण ओळखीचं होतं. हेडखाली बसणारं गॅस्केट कुठेच मिळालं नाही. ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या गल्ल्या पालथ्या घालून शेवटी त्याने तांब्याच्या पत्र्यावर हेड ठेवून, आखून, कापून घेतलं. पेट्रोलच्या टाकीत सायकलची जुनी चेन आणि रॉकेल टाकून ती दोघांनी मिळून इकडून तिकडे हलवली, तेव्हा बादलीभर गंज निघाला. ब्रेकचे सिलेंडर नवे बसवले. कार्बोरेटर मात्र त्याने घरी नेला. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून सगळा खोलला आणि बारीक भोकाचा एकेक जेट दिव्याकडे धरून फुंकर मारून साफ केला. शांताने त्या दिवशी जेवण बाहेरच्या खोलीत वाढलं. गुणाजी तिला सांगत होता, "पद्मिनी आणि ही, दोन्ही कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून निघालेल्या. बहिणी म्हण." ती म्हणाली, "मगे सासरवाडी समजान नीट जेवा."

खंडेनवमीला त्याने पान्यांना हळदकुंकू वाहिलं, फार्गोच्या नाकाला झेंडूची माळ घातली. आंटीने वरून बाटलीभर तीर्थ पाठवलं, चर्चमधून आणलेलं, ते सेसिलियाने चारही चाकांवर शिंपडलं. मग गुणाजी आत बसला आणि सेल्फ मारला.

सेल्फ कण्हला. दुसऱ्यांदा कण्हला. तिसऱ्या वेळी सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार निघाला, शेडवरची मांजर उडी मारून पळाली, आणि इंजिन खोकत, थरथरत चालू झालं. निळ्या धुराने अंगण भरलं. वाडीतले लोक दारात आले. गुणाजीने बाहेर येऊन शर्ट चढवला, बटणं लावली, आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सहाही सिलेंडर मारतायत?" आंटी खिडकीतून ओरडली.

गुणाजीने कान दिला. "पाच."

"मला पण पाचच ऐकू येतायत. चौथा बघ. तो पहिल्यापासून आळशी."

त्याने चौथ्या प्लगची वायर बदलली. इंजिन एकसुरात चालायला लागलं. आंटी तशीच गज धरून उभी राहिली.

गाडी चालू झाली म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. गुणाजीने नवे टायर घातले, धक्के झेलणारे नवे शॉकअब बसवले, आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी आंटीला पहिली फेरी मारायला नेलं. सेसिलियाने आणि त्याने मिळून तिला वर चढवलं. वाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुणाजीने ऐटीत हॉर्न दिला.

घोडपदेवच्या नाक्यापर्यंत तो बोलत होता. तिथे रस्ता खणून बुजवलेला होता. पहिल्या उंचवट्यावर गाडी अशी उडाली, की गुणाजीचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्यावर मागचा हौदा धाडकन आपटला. आंटीने दरवाजाची कड धरली होती, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. "आंटी, बरं आहे ना?" त्याने विचारलं. ती मानेनेच हो म्हणाली. रे रोडच्या पुलापर्यंत जाऊन ते परतले. वाडीत आल्यावर आंटीला उतरता येईना. दोघांनी तिला उचलून खुर्चीवर घेतलं. डॉक्टर आले, खुबा जागच्या जागी आहे म्हणाले, पण तिला काही दिवस पलंगावरून हलू देऊ नका, असं सांगून गेले.

सेसिलियाने गुणाजीला फाटकापर्यंत पोचवलं. ती रागावलेली नव्हती, म्हणून त्याला जास्त लागलं. "भाऊ, तुम्ही पुष्कळ केलंत," ती म्हणाली. "गाडी चालली, पुढच्या अंगणात राहील. पण ममाला आता यात बसवायचं नाही."

घरी येऊन गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडला. दुसऱ्या दिवशीही उठला नाही. चाळीत कोणाकोणाला त्याने गाडी लोण्यासारखी चालते म्हणून सांगितलं होतं, ते सगळे आठवत होते.

शांता चहाचा कप घेऊन आली. "इतके दिवस सगळ्यांका सांगत फिरलात, आता तोंड लपवून बसतलात?" ती म्हणाली. "आंटीक बघूक जावा आधी. गाडी ऱ्हवली बाजूक. म्हातारी माणूस पडली आसा."

तो गेला. आंटी उशीला टेकून बसली होती, कंबरेखाली गरम पाण्याची पिशवी.

"आंटी, माझी चूक झाली," तो दारातूनच म्हणाला.

"आत ये. बस." तिने त्याला खुर्ची दाखवली. "शॉकअब नवीन टाकलेस ना?"

"हो. टायरसुद्धा नवीन. आणखी काय करायचं ते कळत नाय मला." हे वाक्य गुणाजीने उभ्या जन्मात कोणापुढे उच्चारलं नव्हतं.

आंटीने खिडकीकडे पाहिलं. "मी चालवायचे तेव्हा ती उडायची नाय."

"नवीन होती तेव्हा."

"नवीन कुठली? दहा-बारा वर्षांची होती. पण भरलेली असायची. सोड्याचे क्रेट भरले की होडीसारखी जायची बघ. बाटली बाटलीला लागायची नाय. दुपारी मोकळे क्रेट घेऊन परत येताना मात्र उड्या मारायची. आग्नेलो बोलायचा, वजन नसलं की हिला राग येतो."

गुणाजी खुर्चीत पुढे सरकला. आयुष्यभर तो टॅक्सीचा माणूस. माणसांची गाडी आणि मालाची गाडी यांच्या चाकांवरच्या लोखंडी पाट्यांच्या कमानी वेगळ्या, हे त्याला ठाऊक होतं, पण इंजिनाच्या आनंदात त्याने तिकडे धड पाहिलंच नव्हतं. एवढा माल उचलायला बनवलेले कमानपाटे, आणि त्यांच्यावर बसलेली कोण, तर मूठभर वजनाची आंटी.

तो तसाच शेडमध्ये गेला आणि शर्ट न काढता गाडीखाली शिरला. मागच्या कमानीचे पाटे एकावर एक असे गंजून चिकटले होते, की एकाच जाड लोखंडी पट्टीसारखे झाले होते. कमान लवतच नव्हती. खड्डा आला की सगळा धक्का सरळ वर जात होता.

सेसिलियाला त्याने सगळं सांगितलं. "मला डिसेंबर द्या," तो म्हणाला. "आंटीला बसवा म्हणून सांगत नाय. आधी मी बसतो, माझी बायको बसते. मग तुम्ही बसा. मग तुम्ही ठरवा." सेसिलियाने मान डोलावली.

चारही कमानी उतरवायला आठवडा गेला. नट तापवून तापवून सोडवावे लागले. टेम्पोत घालून त्या लालबागला मनूभाईच्या भट्टीवर नेल्या. मनूभाई काठियावाडी लोहार, वडिलांच्या काळापासून तिथेच. हातगाड्या आणि घोड्यांच्या व्हिक्टोरिया होत्या तेव्हा त्यांच्या कमानी तोच बनवायचा. त्याने एक पाटा उचलला, नखाने टिचकी मारली, कानाशी धरला.

"लोखंड अजून जिवंत आहे," तो गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "पण आता सोडा नाही ना न्यायचा? मग एवढ्या पट्ट्या कशाला? मागच्या दोन-दोन काढून टाक. बाकीच्यांचा बाक मी पुन्हा देतो."

गुणाजीने वाद घातला. दोन काढल्या तर गाडी मागे बसेल, एकच काढू, असं त्याचं म्हणणं. मनूभाई म्हणाला, एक काढली तर तुझी म्हातारी पुन्हा खाटेवर. दोघांनी खडूने जमिनीवर कमानी काढून, पुसून, पुन्हा काढून शेवटी दोन ठरवल्या. प्रत्येक पाट्याचा गंज काढणं हे शांताच्या वाट्याला आलं. तिनेच ते मागून घेतलं. चाळीच्या मागच्या चौकात पाट घेऊन बसायची, रॉकेल आणि काचकागद घेऊन घासायची. शेजारणी विचारायच्या, "काय चाललंय शांताबाई?" ती म्हणायची, "गाडी बनवतंय." मनूभाईने तापवून बाक दिला, पाणी दिलं, आणि पाट्यांच्या मधे ग्रेफाइटचं ग्रीस भरून कमानी पुन्हा बांधल्या. झिजलेल्या पिना लेथवर नव्या करून घेतल्या, रबरी बुश बसवले. टायरमध्ये हवा गुणाजीने मालगाडीच्या हिशेबाने ठासून भरली होती, तीही कमी केली. सीटचं काम शांताने आपल्या मनाने केलं. जुन्या स्प्रिंगांवर नवा काथ्या, त्यावर कापूस, वर जाड निळं कापड, आणि कंबरेच्या जागी एक वेगळी उशी शिवून टाकली.

जानेवारीच्या सुरुवातीला ती पुढे बसली. मांडीवर परात आणि परातीत मटार. "मी काय नुसती बसून येव? संध्याकाळी उसळ करूची आसा," ती म्हणाली.

गुणाजीने गाडी काढली. तोच घोडपदेवचा नाका, तोच बुजवलेला रस्ता. गाडी चढली, जराशी लवली आणि पलीकडे उतरली, एखादं जड जनावर पाण्यातून उतरतं तशी. पुढे लालबाग, परळ, तिथून वळून परत. प्रत्येक गतिरोधकाला तो तिरप्या नजरेने परातीकडे बघत होता. शांता खाली मान घालून शेंगा सोलत होती. वाडीच्या फाटकाशी आल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

"एक तरी दाणो खाली गेलो?"

"एक गेलो," शांता म्हणाली. "पण तो तुमच्या ब्रेकान. कमानीन नाय."

मग सेसिलिया बसली. दोन वेळा जाऊन आली, आणि तिसऱ्या वेळी वर जाऊन आईला घेऊन आली.

शहरात दरवर्षी जुन्या गाड्यांची एक मिरवणूक निघते. त्यात फार्गो न्यायची ही कल्पना आंटीची. नोंदणी, विंटेजचा नवा नंबर, विमा हे सगळं अपेक्षाने ऑफिसातून घरी आल्यावर बसून केलं. वडिलांना आराम करा म्हणायचं तिने केव्हाच सोडलं होतं. गुणाजीची फक्त एक खंत होती, रंग. गाडीला रंग द्यावा, चकाचक करावी, असं त्याला वाटत होतं. आंटीने हात लावू दिला नाही. दरवाजावर फिकट पडलेली 'क्रियाडो सोडा' ही अक्षरं होती, ती तशीच राहिली.

फोर्टात गाड्या उभ्या होत्या त्या एकेक राजेरजवाड्यांच्या. चांदीसारखे बंपर, चामड्याच्या सीटा, पांढऱ्या टोप्यांचे ड्रायव्हर. त्यांच्या रांगेत फार्गो म्हणजे लग्नघरात शिरलेली कामवाली बाई. गुणाजी जरा संकोचला. त्याने कॉलर सारखी केली. आंटी निळा फ्रॉक घालून, केसांना रुमाल बांधून, शांताने शिवलेली उशी पाठीला घेऊन ताठ बसली होती. मागे हौद्यात खुर्च्या टाकून सेसिलिया, शांता आणि अपेक्षा.

परीक्षकांपैकी एक गृहस्थ आले. गाडीभोवती फिरले आणि चक्क पँटसकट जमिनीवर झोपून खाली बघायला लागले. उठून हात झाडत म्हणाले, "कमानी कोणी केल्या?"

गुणाजी बोलायला तोंड उघडणार, तोच आंटी म्हणाली, "याने केल्या. गुणाजी घाडी. घोडपदेवचा. इंजिन पण यानेच केलं." मग थोडं थांबून, "आणि याच्या बायकोने."

मरीन ड्राइव्हवरून गाड्या सावकाश निघाल्या. गिरगावात शिरल्यावर लोक दोन्ही बाजूंनी उभे होते, मोबाईल उंच धरून. मोठ्या गाड्या बघून ते फोटो काढत होते, फार्गो बघून मात्र बोलायला लागले. ठाकूरद्वारच्या कोपऱ्यावर काठी टेकून उभे असलेले एक आजोबा एकदम रस्त्यावर उतरले.

"अहो, सोडावाल्या बाई!" ते ओरडले. "आमच्या लग्नात तुमचा सोडा होता!"

"पैसे दिले होते ना?" आंटीने विचारलं, आणि सगळा फुटपाथ हसला. ती दोन्ही हात हलवत होती. गुणाजीने गिअर बदलला.

"लवकर टाकलास," आंटी समोर बघतच म्हणाली. "तिला अजून थोडी ओढू दे दुसऱ्यात."

त्याने पुढच्या वेळी ओढू दिली. आंटीचं बरोबर होतं.

बक्षीस एका लाल रंगाच्या उघड्या मोटारीला मिळालं. फार्गोला एक पितळी पदक मिळालं, सगळ्यांनाच मिळतं तसं. दुपारी वाडीत परत आल्यावर आंटी एकटीच उतरली. कोणाचा हात धरला नाही. मग गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आली आणि गुणाजीला म्हणाली, "सरक. अंगणात मी लावते."

"ममा!" सेसिलिया म्हणाली.

"अंगण माझं आहे. लायसन कोण बघणार?"

गुणाजी उतरून मागे गेला आणि हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या" करायला लागला. "बाजूला हो रे, तूच मधे येतोस," ती म्हणाली, आणि फार्गो एका दमात उलटी घेऊन आंब्याच्या झाडाखाली, भिंतीला समांतर, हातभर जागा सोडून लावली. इंजिन बंद केल्यावर ती काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. सेसिलियाने डोळे पुसले. गुणाजीने उगाचच वाकून मागचा टायर बघितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या परीक्षकांचा फोन आला. वरळीला त्यांच्या घरी एक जुनी मोटार होती, वडिलांची, बारा वर्षं बंद. कार्बोरेटरला हात लावणारा माणूस मिळत नव्हता. गुणाजी फोनवर म्हणाला, "आठ दिवसांत..." आणि थांबला. शांता समोर तांदूळ निवडत होती.

"आधी बघतो, साहेब," तो म्हणाला. "हेड उघडल्याशिवाय काय सांगता येत नाय. किती दिवस लागतील ते मग बोलू."

फोन ठेवून तो उठला, इस्त्रीचा शर्ट घातला, आरशात भांग बघितला आणि पलंगाखालची पेटी ओढली. पेटी जड होती. शांताने दुसरी कडी धरली, आणि दोघं मिळून ती जिन्यावरून खाली घेऊन गेली. दारात बसलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "काय घाडी, खय?"

"वरळीक," गुणाजी म्हणाला. "मोटार बघूची आसा."